दर आठवड्याला तोच माणूस

जुलै-ऑगस्टमध्ये कुंभी नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं की कोल्हापूर–गगनबावडा रस्ता मांडुकली, खोकुर्ले भागात पाण्याखाली जातो आणि गगनबावडा तालुका जिल्ह्यापासून तुटतो. दूध अडकतं, एस.टी. अडकते, कॉलेजची पोरं अडकतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्याच दिवसांत कोल्हापुरातल्या समुपदेशकाशी दर गुरुवारी बोलायचं ठरवलेला कुणी अडकला, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. असा माणूस गगनबावड्यात असेल हे आपण धरलेलंच नाही. शहरातल्या शिकलेल्या लोकांनी मानसतज्ज्ञाकडे जाऊन तासभर बोलावं आणि घाटमाथ्यावरच्या माणसाने गोळी घ्यावी, नाहीतर मन घट्ट करावं, अशी वाटणी आपण काही न बोलता मान्य करून टाकली आहे. ही वाटणी अन्यायाची आहे. ती मोडताही येते, आणि ती मोडण्याचे काही प्रयोग आपल्या शेजारीच झालेले आहेत.

गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यांत कमी लोकसंख्येचा तालुका. २०११ च्या जनगणनेत इथे ३६ हजारांच्या आतबाहेर माणसं होती. कोल्हापूर शहर सुमारे ५५ किलोमीटरवर. पश्चिमेला करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट थेट कोकणात उतरतात. ऊस, भात, नाचणी, दोन-चार जनावरं. घरातला एखादा कर्ता पुरुष कोल्हापूरच्या फौंड्रीत, एखादा मुंबईत. पावसाळ्याचे चार महिने धुकं आणि ओल इतकी की घराबाहेर पडणं, चार माणसांत बसणं आपोआप कमी होतं. आरोग्य केंद्र आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, गावोगाव आशाताई आहेत. मनाने खचलेल्या माणसाचा या यंत्रणेतला प्रवास मात्र ठरावीक वळणांनी जातो, आणि कुठल्याच वळणावर त्याला पुरतं बोलायला मिळत नाही.

समजा, याच तालुक्यातल्या साळवणकडची एक पस्तिशीची बाई आहे. नवरा फौंड्रीत, आठवड्याला एकदा घरी. गेल्या दिवाळीपासून तिची झोप मोडली आहे. ती म्हणते, ‘झोप लागंना झालीय, डोक्यात नुसतं भिरभिरतंय, कशातच मन लागंना.’ आधी तिला गॅसची गोळी मिळते. मग अशक्तपणा म्हणून सलाईन लावून आणतात. सलाईनने दोन दिवस बरं वाटतं, कारण त्या निमित्ताने दोन तास आडवं पडायला मिळालेलं असतं आणि कुणीतरी उशाशी बसलेलं असतं. मग कुणी म्हणतं, बाहेरचं बघून घ्या. शेवटी एखादा समजूतदार डॉक्टर चिठ्ठी देतो आणि ती सासूबरोबर मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाते. केसपेपर, रांग, नंबर. आत डॉक्टर विचारतात, काय होतंय? उत्तर सासू देते. ‘कामात लक्ष नाही, सारखी रडते, जेवत नाही.’ बाई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. बाहेर पन्नास माणसं थांबलेली आहेत. डॉक्टरांकडे पाच-सात मिनिटं आहेत आणि त्यांनी त्यात योग्य ती गोळी लिहून दिलेली आहे. पंधरा दिवसांनी ती परत येईल तेव्हा खुर्चीत कदाचित दुसरे डॉक्टर असतील.

यात कुणी वाईट वागलेलं नाही. गोळीही चुकीची नाही. तिची बहीण मुंबईत आहे, तिच्याशी बोलणं का बंद झालं, दिवाळीत काय झालं, नवरा घरी येतो त्या दिवशी तिला सगळ्यांत जास्त धडधड का होते, हे मात्र कुणी विचारलेलं नाही. विचारायला जागाच नव्हती. सासूसमोर ती हे सांगणारही नव्हती.

गोळ्यांविषयी मला कसलाही आकस नाही. स्किझोफ्रेनिया, मनाचे टोकाचे चढउतार होणारा बायपोलर आजार, खोल गेलेलं नैराश्य यांत मनोविकारतज्ज्ञ आणि औषध यांना पर्याय नाही. तिथे नुसत्या बोलण्यावर विसंबणं धोक्याचं आहे. जगणं नको असं कुणी बोलून दाखवलं तर पुढच्या आठवड्याची वेळ घेत बसायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं असतं, तोवर त्याला एकटं सोडायचं नसतं आणि घरातलं तणनाशक-कीटकनाशक कुलपात टाकायचं असतं. पण मनाच्या दुखण्यांचा मोठा पट्टा याच्या अलीकडे आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं दिसलं, आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचं आढळलं. याशिवाय निदानाच्या चौकटीत न बसणारी दुःखं आहेतच: मेलेल्या मुलाची, मोडलेल्या लग्नाची, फेडता न येणाऱ्या कर्जाची. या सगळ्यांना निदानाआधी एक श्रोता लागतो.

इथे एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते. कार्ल रॉजर्स १९२८ पासून बारा वर्षं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करत होते. एका द्वाड मुलाच्या आईशी त्यांच्या बऱ्याच भेटी झाल्या. मुलाचं वागणं तिने त्याला लहानपणी नाकारल्यामुळे बिघडलं, हे रॉजर्सना स्पष्ट दिसत होतं आणि ते तिला हळूहळू पटवून देऊ पाहत होते. काही जमलं नाही. शेवटी त्यांनीच हात टेकले आणि आता थांबू या म्हणाले. तीही कबूल झाली, उठली, दारापर्यंत गेली आणि वळून विचारती झाली: तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही भेटता का? मग परत खुर्चीत बसून तिने आपल्या संसाराची कहाणी सांगायला सुरुवात केली, आणि आधीच्या भेटींत सांगितलेल्या नीटनेटक्या इतिहासाशी तिचा काही मेळ नव्हता. खरे उपचार तिथे सुरू झाले. रॉजर्सनी यावरून जो धडा घेतला त्यावर पुढचं सगळं आयुष्य उभं केलं: कुठे दुखतं आणि कोणत्या दिशेने जायचं, हे त्या माणसालाच माहीत असतं. १९५१ साली त्यांचं ‘क्लायंट-सेंटर्ड थेरपी’ हे पुस्तक आलं. १९५७ च्या एका लेखात त्यांनी माणूस बदलण्यासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यांतल्या ऐकणाऱ्याशी संबंधित तीन प्रसिद्ध आहेत: त्याने मुखवटा न लावता समोर असावं, समोरच्याला अटी न घालता स्वीकारावं, आणि त्याचं जग त्याच्या बाजूने समजून घ्यावं.

ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपल्याकडे दुःख सांगायला सुरुवात केली की दुसऱ्या वाक्याला सल्ला येतो. मनावर घेऊ नको. तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले. देवाचं नाव घे. पोरांकडे बघ. हे सगळं मायेपोटीच असतं, आणि प्रत्येक सल्ल्यानिशी सांगणारा थोडा थोडा गप्प होत जातो. पदवी घेतलेले समुपदेशकही यातून सुटलेले नाहीत. चिंतेसाठी हे पाच व्यायाम, रागासाठी ही वही, असा तयार संच घेऊन बसलेला तज्ज्ञ दारात आलेल्या कुणालाही तोच संच देतो. माणूस तितक्यापुरता वही भरतो आणि चौथ्या आठवड्यापासून यायचा बंद होतो.

बोलून केलेल्या उपचारांवर जगात शेकडो अभ्यास झाले. २०१८ साली त्यांतल्या २९५ अभ्यासांचा, म्हणजे ३० हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र लेखाजोखा मांडला गेला. उपचार करणारा आणि घेणारा यांच्यात विश्वासाचं, एका ध्येयाचं नातं किती जुळलं आणि माणूस किती बरा झाला, यांचा संबंध उपचाराची पद्धत कोणतीही असो, सातत्याने दिसला. हा संबंध फार मोठा नाही. नातं जुळलं की सगळं झालं, असा त्याचा अर्थ काढणं चूक होईल. पण जे नातं जुळायला काही भेटी लागतात, ते दर वेळी खुर्चीतला माणूस बदलत असेल तर जुळणार कधी? म्हणून, व्यक्तीनुसार उपचार म्हणताना माझी पहिली मागणी अगदी साधी आहे: दर आठवड्याला तोच माणूस, दार लावलेली खोली, आणि निदान अर्धा-पाऊण तास.

यावर गावाकडूनच पहिला आक्षेप येतो. शहरात माणसं एकटी पडतात, त्यांना पैसे देऊन ऐकणारा लागतो. आमच्याकडे शेजारपाजार आहे, भावकी आहे, देवळाचा कट्टा आहे. यात तथ्य आहे. बाळंतपण, मयत, आजारपण यांत गाव धावून येतं, आणि त्या धावण्याने कितीतरी माणसं वाचलेली आहेत. पण गावात ऐकणारा प्रत्येक जण कुणाचा तरी दीर, जाऊ, मेहुणा, नाहीतर मतदार असतो. पन्नाशीच्या शेतकऱ्याचा ऊस गव्यांनी एका रात्रीत लोळवला, हे गाव ऐकून घेतं आणि हळहळतं. त्यानंतर तो रात्री दारू पिऊन रडतो आणि मुलाला सामोरा जाऊ शकत नाही, हे त्याने कट्ट्यावर सांगितलं तर उद्या मुलाच्या सोयरिकीत निघेल. गावाला ऐकायला येतं; ऐकलेलं पोटात ठेवायचं बंधन मात्र त्याच्यावर नसतं. भावकीच्या नात्यात ते घालताही येत नाही.

हे बंधन आपल्या सरकारी यंत्रणेने एकदा पाळून दाखवलं आहे, याची आठवण फारशी कुणी काढत नाही. एड्सच्या साथीत सांगली आणि कोल्हापूर हे जास्त लागण असलेले जिल्हे होते. तेव्हा ग्रामीण रुग्णालयांपर्यंत समुपदेशन आणि तपासणी केंद्रं गेली. वेगळी खोली, बंद दार, तपासणीआधी बोलणं, तपासणीनंतर बोलणं, नवऱ्याचं बायकोला आणि बायकोचं नवऱ्याला परवानगीशिवाय न सांगणं, हे सगळं अत्यंत तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या समुपदेशकांनी केलं. ज्या आजाराचं नाव घ्यायला लोक कचरत होते, त्या आजाराविषयी लोक त्या खोलीत बोलले. २०१७ च्या एड्सविषयक कायद्याने या गुप्ततेला कायद्याचं बळही दिलं. त्यामुळे खेड्यात गुप्तता टिकत नाही, हे विधान मला मान्य नाही. ती टिकवायचं ठरवलं तेव्हा बऱ्याच अंशी टिकली.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. व्यक्ती केंद्रस्थानी ठेवणं हा पाश्चात्त्य विचार. आपल्याकडे माणूस सुटा नसतोच, तो घराचा, कुळाचा असतो. रॉजर्सचा माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. आपला माणूस म्हणतो, तुम्हीच सांगा काय करू. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-शिष्य नात्याचा उपचारासाठी आदर्श म्हणून विचार मांडला तो याच जाणिवेतून. भारतीय रुग्ण अवलंबून राहतो हा त्याचा दोष मानू नका, ते त्याच्या संस्कृतीतलं नातं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. नेकींचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यांनी समोरच्या माणसाला तो आहे तिथून पाहिलं. पण त्यातून घराला सोयीचा सल्ला देण्याची मुभा मिळते, असं मानणाऱ्यांशी माझा झगडा आहे.

साळवणच्या त्याच बाईकडे परत पाहू. एक समुपदेशक तिला म्हणेल, ताई, तुम्ही ठामपणे नाही म्हणायला शिका, स्वतःसाठी वेळ काढा. दुसरा म्हणेल, संसारात थोडं सोसावं लागतं, सासूबाईंशी जुळवून घ्या. पहिला आधुनिक आहे, दुसरा परंपरावादी, आणि दोघांनीही तिला पाहिलेलं नाही. नाही म्हटल्यावर त्या घरात काय होईल, माहेरी परत जाता येतं का, जमीन कुणाच्या नावावर, तिच्या हातात दुधाचे पैसे येतात की थेट नवऱ्याच्या खात्यावर जमा होतात, हे न कळता दिलेला कोणताही सल्ला परका आहे. तिला घर सोडायचं नसेल, पण आठवड्यातून एकदा बहिणीशी फोनवर बोलायचं असेल. तिच्यासाठी बरं होण्याची सुरुवात तिथे असेल. तिची सासूही वाईट असेलच असं नाही. कदाचित दोन भेटींनंतर तिचीच इच्छा असेल की सासूला खोलीत बोलवावं. बोलवायचं की नाही, कधी आणि किती, हे ठरवण्याचा हक्क तिचा. घराला धरून राहणाऱ्या माणसाचाही केंद्रबिंदू तोच माणूस असू शकतो, आणि घराचा विचार त्याच्या डोळ्यांनी करता येतो.

देवऋषी आणि अंगात येणं यांविषयीही इथेच बोललं पाहिजे. फसवणूक, मारहाण, अघोरी प्रकार यांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवलं, ते योग्यच झालं. पण लोक तिकडे का जातात, याचं उत्तर नुसत्या अज्ञानात शोधलं तर अर्धं हाती लागतं. तिथे त्यांना वेळ मिळतो, घरातल्या सगळ्यांविषयी विचारलं जातं, दुःखाला नाव मिळतं आणि करायला काहीतरी कृती मिळते. त्रास वाढतो तो पुढे: दोष शेजारणीच्या, भावजयीच्या माथी मारला जातो, पैसा जातो, आणि आजार खरोखर गंभीर असेल तर महिने वाया जातात. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर दवा आणि दुआ एकत्र आणणारा प्रकल्प चालला, मुजावरांना प्रशिक्षण देऊन रुग्ण डॉक्टरांकडे पाठवले गेले. गगनगडावर गगनगिरी महाराजांच्या मठात दूरदूरहून माणसं मन हलकं करायला येतात. त्यांच्या श्रद्धेला हात न लावता, गडाखाली त्यांना बोलण्याची आणखी एक जागा असायला काय हरकत आहे?

आता खरा अवघड प्रश्न. तज्ज्ञ नाहीत. निम्हान्सच्या त्या राष्ट्रीय पाहणीच्या सुमारास देशात लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नव्हता. गगनबावड्याच्या वाट्याला अपूर्णांकात माणूस येईल. मग गावातल्याच लोकांना शिकवून तयार करायचं, तर त्यांना ठरावीक आराखडा, ठरावीक पायऱ्या द्याव्या लागणार. मग व्यक्तीनुसार उपचार कुठे राहिले?

करूळ घाट उतरून सिंधुदुर्ग ओलांडला की गोवा लागतो, आणि याचं मला पटलेलं उत्तर तिथलं आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात सुरू केलेल्या ‘संगथ’ संस्थेने नैराश्यासाठी एक छोटा उपचार बसवला. तो देणारे लोक मानसशास्त्र न शिकलेले, स्थानिक, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेले. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना हे समुपदेशन मिळालं त्यांतले ६४ टक्के तीन महिन्यांनी नैराश्याच्या रेषेखाली आले. ज्यांना फक्त डॉक्टरांची नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

या उपचाराच्या पायऱ्या सगळ्यांना सारख्याच. पण त्याचा गाभा एका प्रश्नात आहे: तुमचं जगणं सुरळीत होतं तेव्हा तुम्ही काय करत होता, जे आता सुटलं? याचं उत्तर दोन माणसांचं सारखं येत नाही. एक बाई म्हणेल, पहाटे डेअरीवर दूध घालायला मी जायचे, आता पोराला पाठवते. त्या वाटेवर तिला दोन मैत्रिणी भेटत असत. एक म्हातारा म्हणेल, भजनात पखवाज धरायचो, कान गेल्यापासून जात नाही. मग समुपदेशक त्या बाईबरोबर ठरवतो की या आठवड्यात दोनदा, फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, दूध तिने न्यायचं आणि परत आल्यावर कसं वाटलं ते लक्षात ठेवायचं. पुढच्या भेटीत त्याची चौकशी होते. जमलं नसेल तर का जमलं नाही, हे ओरडा न खाता सांगता येतं. आराखडा समुपदेशकाला सल्ल्यापासून रोखतो, आणि माणसाचं वेगळेपण भेटीच्या आत शिरतं. न शिकलेल्या हातात मोकळेपणा देण्यापेक्षा असा आराखडा दिलेला मला सुरक्षित वाटतो. रॉजर्सचं सगळं तत्त्वज्ञान त्यात उतरत नाही हे खरं. सहा भेटींनंतरही ज्याचं दुखणं हलत नाही, जुना अत्याचार किंवा मोठा आघात ज्याच्या पाठीशी आहे, त्याला अनुभवी मानसतज्ज्ञच लागेल. पण पहिली पायरी नसेल तर त्या माणसाला ओळखणार कोण आणि पुढे पाठवणार कोण?

महाराष्ट्रातही अशी कामं आहेत. पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयाशी जोडलेल्या मानसिक आरोग्य केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम केला. तिथे गावातलेच निवडलेले लोक चार ते सहा भेटींत बोलत, आणि त्याचबरोबर विधवा पेन्शन, रेशन कार्ड अशी कामंही मार्गी लावायला मदत करत. मला यातला दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. ज्या बाईचं दुःख अडकलेल्या पेन्शनशी बांधलेलं आहे, तिच्या पेन्शनचा अर्ज भरून देणं हेही तिला ऐकून घेणंच आहे. साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेने मानसमित्र तयार केले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आय.पी.एच. संस्थेने मराठीतून मनाविषयी बोलण्याची सवय लावली. भाषेची, अनुभवाची तयारी आपल्याकडे आहे. घाटमाथ्यापर्यंत ती पोचलेली नाही.

फोनने हे अंतर मिटलं, असं काही जण म्हणतील. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, प्रत्येक शाळेत मोठ्या अक्षरांत हवा. रात्री दोन वाजता जीव घाबरा झालेल्या माणसाला तो फार मोठा आधार आहे. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायचं तर पलीकडे तोच आवाज मिळेल याची खात्री नसते. शिवाय एका खोलीच्या घरात सासू, दीर, मुलं असताना ती बाई फोनवर बोलणार कुठे? गोठ्यात जाऊन, हळू आवाजात, पावसाच्या आवाजात? मोबाइलही पुष्कळदा नवऱ्याचाच असतो. अडीअडचणीला फोन हवाच, पण भेटीचं काम त्याच्यावर ढकलता येणार नाही.

ज्याला आज, या घडीला कुणाकडे तरी जायचं आहे, त्याने काही गोष्टी बिनधास्त विचाराव्यात. तुमचं शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. समुपदेशक हे नाव मात्र वर्षानुवर्षं कुणीही लावत आलं, आणि त्यांच्या नोंदणीची तरतूद २०२१ च्या कायद्यात झाली. मी सांगितलेलं घरी कळेल का? दर वेळी तुम्हीच भेटाल का? किती भेटी लागतील असं वाटतं, पैसे किती, बस चुकली तर काय? तीन-चार भेटींनंतर स्वतःला विचारावं: हा माणूस माझं ऐकतो की मलाच ऐकवत राहतो? जमत नसेल तर तसं त्यालाच सांगावं. चांगला समुपदेशक यावर रागावत नाही, तो पद्धत बदलतो किंवा दुसऱ्याचं नाव देतो. आपल्याकडे डॉक्टर बदलणं हा अपमान समजतात, आणि त्या भिडेपोटी माणसं उपचारच सोडून देतात.

हक्काचा प्रश्न २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने निकालात काढला आहे. त्याच्या १८ व्या कलमाने प्रत्येकाला सरकारी किंवा सरकारी खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क दिला. ही सेवा परवडणारी, पुरेशी, घराजवळ आणि रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला रुचेल अशी हवी, असं तो कायदा म्हणतो. २३ वं कलम गुप्ततेचा हक्क देतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर १९९६ पासून देशात आहे, आणि त्याच्या रचनेत मानसतज्ज्ञ व सामाजिक कार्यकर्ता यांच्या जागा आहेत. घराजवळ या शब्दाचा अर्थ ५५ किलोमीटर होत नाही.

गगनबावड्यापुरता हिशेब मांडून पाहू. ३६ हजारांत २४ हजार प्रौढ धरले आणि निम्हान्सच्या पाहणीतलं १०.६ टक्क्यांचं प्रमाण लावलं, तर अडीच हजारांच्या आसपास माणसं होतात. ग्रामीण रुग्णालयात एक प्रशिक्षित समुपदेशक पूर्ण वेळ बसला, रोज पाच जणांना भेटला, म्हणजे आठवड्याला पंचवीस, आणि प्रत्येकाला आठ भेटी दिल्या, तर वर्षाला दीडशे माणसं होतील. हजारामागे एक धरली तर तालुक्यात पस्तीस-छत्तीस आशाताई. प्रत्येकीने एका वेळी फक्त दोन जणांशी असं काम केलं तर त्यात वर्षाला आणखी चारशेंची भर पडते. पुरे पडत नाही, पण आज जे आहे त्याच्या कितीतरी पट. अर्थात आशाताईही गावची सून असते. म्हणून आपल्याच गावच्या आशाताईशी बोलायचं, शेजारच्या गावच्या, की रुग्णालयातल्या समुपदेशकाशी, ही निवड त्या माणसाकडे ठेवली पाहिजे.

याहून मोठी अडचण मला वेगळीच दिसते. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? गोव्यातल्या कामात समुपदेशकांच्या भेटी परवानगीने ध्वनिमुद्रित होत, दर आठवड्याला ते एकत्र बसून एकमेकांच्या भेटी ऐकत, त्यावर बोलत, आणि कुणी अडलं तर वरच्या तज्ज्ञाला विचारत. ही बैठक काढून टाकली आणि प्रशिक्षणाचे चार दिवस, एक वही, एक प्रमाणपत्र एवढंच ठेवलं, तर वर्षाच्या आत आशाताई पुन्हा ‘मनावर घेऊ नका’वर येतील, आणि दोष त्यांचा नसेल. शिवाय आशाताई आधीच लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग, सर्वेक्षणं यांत वाकलेल्या आहेत आणि मानधनासाठी त्यांना वारंवार रस्त्यावर यावं लागलं आहे. त्यांच्या कामाच्या यादीत आणखी एक ओळ फुकट वाढवायची असेल तर ही योजना सुरूच करू नये. प्रत्येक भेटीचे पैसे, आठवड्याच्या बैठकीचे पैसे आणि त्या बैठकीला येणाऱ्या तज्ज्ञाचा प्रवासखर्च जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात वेगळा दिसला पाहिजे, आणि तो दिसतो का हे तालुक्यातल्या ग्रामसभांनी दर वर्षी विचारलं पाहिजे.